दुःखात तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकणे: मन हलके होते, की दुःख उगाळले जाते?

उत्तररात्र (प्रश्न)

नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. पहिले काही आठवडे धावपळीत निघून गेले, आणि कामावर पुन्हा रुजू झाल्यावर लक्षात आले की रात्री साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकली तरी दीड-दोनपर्यंत डोळा लागत नाही. माझे काम हिशेब तपासण्याचे आहे. एक आकडा चुकला की पुढचे सगळे चुकते, त्यामुळे झोप झाली नाही तर उद्याचे काय, या भीतीनेच उरलीसुरली झोप उडते. अशाच एका रात्री वडिलांना आवडणारे एक संथ गाणे लावले. डोळे भरून आले, छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले आणि त्या रात्री शांत झोप लागली. तेव्हापासून तो क्रमच झाला: दिवा मालवायचा, हेडफोन लावायचे, तेच गाणे ऐकायचे आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

गेल्या दोन महिन्यांत मात्र काहीतरी बदलले आहे. गाणे सुरू असेपर्यंत बरे वाटते, पण ते थांबले की आधीपेक्षा जास्त रिकामे वाटते. रुग्णालयातले शेवटचे चार दिवस, मी विचारायला हवे होते आणि विचारले नाही असे काही प्रश्न, हे सगळे ओळीने समोर उभे राहते आणि ते टाळण्यासाठी मी पुन्हा गाणे लावतो. कधी कधी असे दोन दोन तास जातात. पत्नीचे म्हणणे आहे की हे गाणे आता बंद करावे. एक जवळचा मित्र म्हणतो की संगीतासारखे औषध नाही, ऐकत राहा.

मला मनापासून जाणून घ्यायचे आहे की संगीताने ताण खरोखर कमी होतो, की तो केवळ आपला समज आहे? आणि होत असेल, तर जे आधी उपयोगी पडत होते तेच आता मला खाली का ओढत आहे?

भूलतज्ज्ञ

तुमच्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या रोजच्या कामातून देऊ शकतो, दुसऱ्याचे उत्तर इथले अन्य जाणकार अधिक चांगले देतील.

शस्त्रक्रियेआधी टेबलावर झोपलेल्या माणसाच्या बोटाला आम्ही एक चिमटा लावतो आणि त्याच्या नाडीचा वेग समोरच्या पडद्यावर दिसू लागतो. भीतीने तो आकडा बहुधा शंभराच्या वर गेलेला असतो. रुग्णाला त्याच्या आवडीचे काही ऐकायला दिले, तर पहिल्या मिनिटात विशेष काही घडत नाही, पण तीन-चार मिनिटांनी आधी आवळलेली मूठ उघडते, मग खांदे खाली येतात आणि त्यानंतर पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरू लागतो. प्रत्येकाच्या बाबतीत असे होत नाही, पण ते इतक्या वेळा पाहिले आहे की त्याला मी योगायोग म्हणणार नाही. संशोधनही याला दुजोरा देते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेवर संगीताचा काय परिणाम होतो, याचा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये आढावा घेतला. त्यात २६ चाचण्या आणि २,०५१ रुग्ण होते, आणि संगीत ऐकणाऱ्यांची चिंता इतरांपेक्षा कमी आढळली. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ७३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरची वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज या तिन्ही गोष्टी कमी झालेल्या दिसल्या. रुग्णालयातील मुक्काम मात्र त्यामुळे कमी झाला नाही, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे.

तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून गैरसोयीची बाजूही सांगतो. २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६० निरोगी स्त्रियांना मुद्दाम ताण येईल अशा परिस्थितीला सामोरे जायला लावले. त्याआधी काहींना शांत संगीत ऐकवले, काहींना खळखळणाऱ्या पाण्याचा आवाज, तर काहींना नुसतेच स्वस्थ बसवले. ज्यांनी संगीत ऐकले त्यांची स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे नाडी, घाम, लाळ अशा आपल्या ताब्यात नसलेल्या गोष्टी चालवणारी यंत्रणा, ताणानंतर लवकर सावरली. पण कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक त्यांच्यातच सर्वांत जास्त वाढले आणि पाण्याचा आवाज ऐकणाऱ्यांमध्ये सर्वांत कमी. म्हणजे संगीत लावले की ताणाची प्रत्येक खूण एकदम खाली येते, असे सरसकट म्हणता येत नाही.

तुमच्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २००६ सालचा एक अभ्यास. त्यात २४ जणांना सहा वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवले, त्यात सतारीवरचा एक रागही होता. लय जलद झाली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत होते, आणि संगीत कोणत्या प्रकारचे आहे यापेक्षा लयीचा परिणाम अधिक होता. संशोधकांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत नाडी व रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीच्याही खाली गेले. गाणे लक्ष एकवटते आणि ते थांबल्यावर शरीर सैल सोडते, असा त्याचा अर्थ लावला गेला. तुम्ही मात्र गाणे संपण्याच्या क्षणीच ते पुन्हा सुरू करता, म्हणजे विसाव्याची जी जागा आहे तीच हातची घालवता. ही गोष्ट एकदा तपासून पाहावी, असे सुचवतो.

रागमाला

मला काही वर्षांपूर्वी निद्रानाशाचा फार त्रास झाला होता आणि त्या काळात रात्री बागेश्री ऐकण्याचा मला निश्चित उपयोग झाला. कोणत्या विकारावर कोणता राग ऐकावा याचे तक्ते उपलब्ध आहेत. डोकेदुखीसाठी, रक्तदाबासाठी, उदास मनासाठी वेगवेगळे राग त्यांत दिलेले असतात. तुम्ही ते गाणे सोडून दरबारी कानडा किंवा बागेश्री नियमाने ऐकून पाहावा. अनुभवाने सांगतो आहे.

खर्ज

रागमाला यांना बागेश्रीने झोप लागली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्या तक्त्यांविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे. मी तीस वर्षे गाते आणि शिकवते. एकच राग विलंबित म्हणजे संथ लयीत, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात रेंगाळत गायला तर ऐकणाऱ्याचा श्वास संथ होतो. तोच राग द्रुत म्हणजे जलद लयीत, तार म्हणजे वरच्या सप्तकात ताना घेत गायला तर तोच श्रोता पुढे सरकून बसतो आणि त्याचे हात ताल धरू लागतात. स्वर तेच असतात, मग औषध कशाला म्हणायचे, रागाला की लयीला? गायकाचा लगाव, आवाजाची जात, ऐकणाऱ्याची सवय आणि त्या रागाशी जोडलेल्या त्याच्या आठवणी, या सगळ्यांना बाजूला सारून रागाच्या नावापुढे विकाराचे नाव लिहिता येत नाही. राग ही फार मोठी गोष्ट आहे. तिला गोळीच्या पाकिटात बसवू नये, असे मला कळकळीने वाटते. ४३२ हर्ट्झ या कंपनसंख्येला मिळवलेला स्वर औषधासारखा काम करतो, असाही दावा आधाराशिवाय केला जातो, त्याच्याही मागे लागू नये.

उत्तररात्र, तुम्हाला मी ऐकण्याऐवजी काही करायला सुचवते. तंबोऱ्याचा आवाज सुरू करा, हल्ली तो फोनवरही मिळतो, आणि तुमच्या आवाजाला सहज पेलेल अशी पट्टी निवडा. पाठ ताठ पण खांदे सैल ठेवून बसा, ओठ मिटा आणि मधला षड्ज, म्हणजे 'सा', गुणगुणा, सूर जुळतो की नाही याची काळजी न करता. स्वर लावताना तो ढकलू नका. श्वास जितका पुरेल तितकाच धरा, संपत आला की सोडा, आणि पुढचा श्वास आपोआप येऊ द्या. हळूहळू नाकाच्या मुळाशी, गालाच्या हाडांत आणि मग छातीत कंप जाणवू लागेल. मन रुग्णालयात गेले की त्या कंपाकडे परत या. ज्यांना जमते त्यांनी मंद्र सप्तकात, खर्जात उतरावे, पण तुमच्यासाठी मधला षड्ज पुरेसा आहे.

यामागे काही गूढ नाही. लांब स्वर लावायचा म्हणजे उच्छ्वास लांबवावा लागतो, आणि उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २३ जणांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात लॅटिन भाषेतील ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र या दोन्हींच्या पठणाने श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरला आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढली. दोन वेगळ्या धर्मांतल्या, वेगळ्या भाषांतल्या पठणांनी शरीरात एकच गोष्ट घडवली, हे मला विलक्षण वाटते. माझ्याकडे येणारे विद्यार्थी दिवसभराची दगदग घेऊन येतात, आणि दहा मिनिटे नुसता षड्ज लावल्यावर त्यांचा बोलण्याचा आवाजसुद्धा खाली आलेला असतो. त्यांना ते कळत नाही, मला ऐकू येते.

ओलावा

मी समुपदेशक आहे आणि संगीतोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे. 'आता तेच गाणे मला खाली का ओढत आहे', या तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

दुःख झालेल्या माणसाला आनंदी गाणे लावून देणे बहुतेकदा निरुपयोगी ठरते. त्याला ते परके वाटते, क्वचित अपमानासारखेही वाटते. म्हणून संगीतोपचारात मनाची अवस्था जिथे आहे तिथून सुरुवात करतात आणि हळूहळू पुढे नेतात. हे तत्त्व आयरा ॲल्टशुलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९४० च्या दशकात मांडले आणि ते आजही वापरले जाते. पहिल्या रात्री तुमच्या बाबतीत नेमके हेच आपोआप घडले. ते गाणे तुमच्या दुःखाला येऊन भेटले, तुम्ही रडलात आणि झोप लागली. पण या तत्त्वाचा दुसरा अर्धा भाग असा आहे की भेटल्यानंतर संगीताने माणसाला तिथून पुढेही न्यायचे असते. तुमचे गाणे तुम्हाला दुःखापर्यंत घेऊन जाते आणि तिथेच सोडते, मग तुम्ही पुन्हा उंबऱ्यावर येऊन उभे राहता.

आपल्या भाषेत याला उगाळणे असा अचूक शब्द आहे. दुःखी संगीताविषयीच्या अभ्यासांतून असे दिसते की बऱ्याच लोकांना त्यातून आधार मिळतो, पण ज्यांना तेच तेच विचार घोळवण्याची सवय असते त्यांचे मन ते ऐकल्यावर अधिक खचते. रडू येणे ही वाईट खूण नाही. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एवढेच विचारते की गाणे संपल्यावर पंधरा मिनिटांनी तुम्ही कुठे असता. श्वास मोकळा झाला असेल, गेलेल्या माणसाविषयी कुणाशी तरी बोलावेसे वाटत असेल, पाणी प्यावे, खिडकी उघडावी असे काही साधे सुचत असेल, तर दुःख वाहते आहे. तोच प्रसंग त्याच क्रमाने पुन्हा समोर आला असेल, स्वतःलाच दोष देणे सुरू झाले असेल, आणि बोट पुन्हा त्याच गाण्याकडे वळले असेल, तर ते उगाळणे आहे. तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही दुसऱ्या बाजूला सरकला आहात असे मला वाटते. तुमच्या पत्नीलाही बहुधा तेच दिसले असावे. त्या गाण्यावर त्यांचा राग नसेल, त्या तुमची वाट पाहत असतील.

गाणे कायमचे बंद करू नका. ते तुमच्या वडिलांचे आहे. मात्र त्याची जागा बदला: अंथरुणात नको, अंधारात नको आणि शक्यतो हेडफोनवरही नको. संध्याकाळी, दिवा लावलेल्या खोलीत, बसून एकदाच ऐका, आणि जमले तर कुणासोबत ऐका. ते संपल्यावर भूलतज्ज्ञ म्हणाले तशी दोन-तीन मिनिटे शांतता राहू द्या. त्या शांततेत जे येईल ते पहिल्या काही दिवसांत जड जाईल, हे आधीच सांगून ठेवते. नंतर थोडे कमी भारलेले, शब्द नसलेले, संथ लयीचे काही लावा, ज्याच्याशी तुमची कोणतीही आठवण बांधलेली नाही. झोपेसाठीचे संगीत वेगळे ठेवा. कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात १३ अभ्यास आणि १,००७ लोक होते. त्यात रोज २५ ते ६० मिनिटे संगीत ऐकणाऱ्या निद्रानाशाच्या रुग्णांची झोप सुधारल्याचे दिसते.

आणखी एक गोष्ट, जी मला टाळता येणार नाही. संगीत ऐकणे आणि संगीतोपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचारात समोर प्रशिक्षित माणूस असतो आणि त्याच्याशी जुळलेले नाते असते. नैराश्यावरील संगीतोपचाराचा २०१७ मध्ये कॉक्रेनने आढावा घेतला, तेव्हा ९ अभ्यासांतून असे दिसले की नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा अल्प काळात अधिक फायदा होतो. जोड हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. आठ महिन्यांनंतरही झोप येत नसेल, भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही मनात आला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट लगेच घ्या. गाण्यावर हा भार टाकू नका, त्याला तो पेलणारा नाही.

पैलतीर

मी जाणकार नाही, माझ्या आईमुळे या विषयाकडे वळलो. तिला पक्षाघात झाला आणि वाचा जवळजवळ गेली. फिनलंडमधील २००८ सालचा एक अभ्यास तेव्हा वाचनात आला. त्यात पक्षाघाताच्या ६० रुग्णांपैकी ज्यांनी दोन महिने रोज निदान तासभर स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकले, त्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली आणि उदासीही कमी राहिली. आम्ही सुरुवातीला 'आजारी माणसासाठी चांगले' म्हणून बासरीचे शांत संगीत लावत होतो आणि आई भिंतीकडे तोंड करत असे. पुढे कळले की तिला बासरी कधीच आवडत नव्हती. तिच्या तरुणपणचे एक ठसकेबाज गाणे लावले, तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटे चादरीवर हलली. म्हणून माझी एवढीच विनंती आहे की गाणी तुमच्या आवडीची असू द्या. आवाजही बेताचा ठेवा; आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे, आणि रात्री हेडफोनवर ती ओलांडली गेलेली कळतही नाही.

उत्तररात्र

सर्वांचे मनापासून आभार. मुद्दाम तीन आठवडे थांबून लिहितो आहे.

अंथरुणातले ऐकणे पूर्ण बंद केले. आता जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत दिवा लावून ते गाणे एकदाच ऐकतो. पहिले चार-पाच दिवस नंतरची शांतता अक्षरशः सोसवत नव्हती. हात फोनकडे जात होता, म्हणून फोन पत्नीच्या हातात देऊ लागलो आणि त्या निमित्ताने तीही शेजारी बसू लागली. त्यानंतर दहा मिनिटे तंबोरा लावून षड्ज गुणगुणतो. सूर लागतो असे म्हणवत नाही, पण गालाच्या हाडांतला कंप चौथ्या दिवशी पहिल्यांदा जाणवला आणि तेवढ्या वेळात मनात दुसरे काहीच आले नाही. रात्री झोप आता साधारण बाराला लागते. दोन रात्री पुन्हा दोनपर्यंत जागा होतो. ओलावा यांनी सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांची वेळही घेतली आहे, ती पुढच्या आठवड्यात आहे.

परवा एक वेगळी गोष्ट घडली. गाणे संपल्यावर नेहमीप्रमाणे रुग्णालयाची खोली समोर येईल म्हणून मी वाट पाहत बसलो होतो, पण त्याऐवजी आठवले की वडील हे गाणे गुणगुणताना दुसऱ्या कडव्याची ओळ पहिल्यात म्हणत असत, आणि आई दर वेळी स्वयंपाकघरातून ती दुरुस्त करत असे. मी हे पत्नीला सांगितले. तिने विचारले, कोणती ओळ? मग ती मी तिला म्हणून दाखवली, त्यांच्यासारखीच चुकीच्या जागी.